एमपी३ आणि लिनक्स : फिरत्या संदेशाबाबत खुलासा

गड्ड्याच्या यात्रेच्या तोंडावर सोलापुरातील ध्वनिक्षेपक भाड्याने देणाऱ्यांमध्ये असा संदेश फिरत आहे की, एमपी३ हे ध्वनिफाइलचे स्वरूप २०१७ मध्ये बंद झाले असून लिनक्स या संगणक-प्रणालीवर ते वाजवणे बेकायदेशीर आहे. दोन्ही विधाने चुकीची आहेत. २३ एप्रिल २०१७ रोजी संपुष्टात आला तो फ्राउनहोफर संस्था आणि टेक्निकलर कंपनी यांचा, एमपी३च्या पेटंटांसाठी शुल्क घेण्याचा परवाना-कार्यक्रम. पेटंटांची मुदत सरत आल्याने हे स्वरूप बंद होण्याऐवजी उलट मोकळे झाले. त्याआधी फेडोरासारख्या लिनक्स वितरणांच्या (लिनक्सच्या तयार आवृत्त्यांच्या) मूळ संचात एमपी३चा डिकोडर, म्हणजे फाइल उलगडून वाजवणारा भाग, नसे, तो वेगळा बसवावा लागे. संदेशाचा उगम बहुधा त्या जुन्या अडचणीत असावा. फेडोराने तर नोव्हेंबर २०१६ मध्येच हा डिकोडर समाविष्ट केला होता.

एएसी या दुसऱ्या ध्वनी-स्वरूपासाठी परवाना-शुल्क आहे, पण ते एन्कोडर (फाइल तयार करणारा भाग) व डिकोडर बनवणाऱ्यांकडून घेतले जाते, फाइल वाजवणाऱ्याकडून नव्हे. ओपस, व्होर्बिस आणि फ्लॅक या स्वरूपांना असे शुल्क नाही. मात्र सार्वजनिक ठिकाणी गाणे वाजवण्याची परवानगी हा प्रताधिकाराचा स्वतंत्र विषय असून, संगणकावर विंडोज आहे की लिनक्स, याच्याशी त्याचा काहीही संबंध नाही.