‘याच वर्षी सुटेल’ असं यिर्मया म्हणालाच नव्हता

नवं वर्ष लागलं, किंवा निकालाचे, मुलाखतींचे, व्हिसाचे दिवस आले, की चर्चच्या मंडळीच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. रूपं बदलतात, गाभा तोच: ‘देव सार्वभौम आहे. यिर्मया 29:11 धरून ठेवा, देवाचे संकल्प हिताचे आहेत. तुमची अडचण याच वर्षी सुटणार. काळजी करणं म्हणजे अविश्वास. देवावर भरवसा असेल तर दुसरी तजवीज कशाला? जे घडतं ते देवाच्या इच्छेनं, म्हणून प्रश्न विचारू नका. आमेन लिहा आणि पुढे पाठवा.’ पहिलं वाक्य मला पूर्ण मान्य. बाकीची त्या पहिल्याशीच भांडतात.

आधी ते वचन, बायबलमधल्या यिर्मया संदेष्ट्याच्या पुस्तकातलं. सुटं छापून भिंतीवर लावलं की गोड दिसतं, पण ते यिर्मयाच्या एका पत्रातलं आहे आणि पत्र गेलं होतं बाबेलात, म्हणजे बॅबिलोनला. इ.स.पूर्व 597 मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर यानं यरुशलेमेतून तिथला राजा, दरबारी, कारागीर, लोहार धरून नेले, त्या बंदिवानांना. पुढे काही वर्षांनी गिबोनचा संदेष्टा हनन्या यरुशलेमेच्या मंदिरात सगळ्यांदेखत सांगत होता, की दोन वर्षांत सगळे परत येतील, मंदिराची लुटलेली पात्रंसुद्धा. बाबेलच्या सत्तेखाली राहावं लागणार याची खूण म्हणून यिर्मयाच्या मानेवर जू होतं. हनन्यानं ते काढून मोडून टाकलं. यिर्मयानं काय केलं? तो आधी ‘आमेन’ म्हणाला. परमेश्वर तसंच करो, म्हणाला. त्यालाही तेच हवं होतं की! पण आपल्याला हवं असणं वेगळं आणि देवानं सांगितलेलं असणं वेगळं. हनन्या त्याच वर्षी मेला.

हा 28वा अध्याय. पुढच्याच अध्यायात ते पत्र आहे: घरं बांधा, बागा लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या शहरात तुम्हाला नेलं त्याच्या भल्यासाठी प्रार्थना करा, 70 वर्षं भरली की मी तुम्हाला परत आणीन. 70 वर्षं हे दहाव्या वचनात, आणि त्याला लागूनच आपलं लाडकं अकरावं. चाळिशीतल्या ज्या माणसानं ते पत्र ऐकलं, त्याला तिथंच कळलं असणार की आपली माती इथलीच. हिताचे संकल्प त्याच्यासाठीही होते, पण ते बाबेलच्या बागेत आणि पुढे नातवंडांच्या परतीत. आपला मेसेज नाव घेतो यिर्मयाचं आणि बोलतो हनन्याचं.

काळजी म्हणजे अविश्वास? ‘कशाविषयीही चिंता करू नका’ हे प्रेषित पौलानं फिलिप्पै इथल्या मंडळीला पत्रात लिहिलं, चौथ्या अध्यायात. त्याच पत्राच्या दुसऱ्या अध्यायात सोबती एपफ्रदीत मरणाच्या दारातून परत आला, नाहीतर मला दुःखावर दुःख झालं असतं, असं तोच पौल लिहितो. त्याला तुमच्याकडे पाठवलं म्हणजे माझीही चिंता कमी होईल, म्हणतो. वधस्तंभाच्या आदल्या रात्री गेथशेमानेत प्रभू येशू स्वतः व्याकुळ झाला आणि दुःखाचा प्याला टळावा म्हणून मागणं केलं. ज्याच्या घरी बायोप्सीचा रिपोर्ट यायचा आहे त्याला ‘तुझा विश्वास कमी पडतोय’ असं ऐकवणाऱ्यांनी हे दोन उतारे एकदा शेजारी ठेवून वाचावेत.

‘दुसरी तजवीज कशाला’ हा मुद्दा मला सगळ्यांत घातक वाटतो, कारण त्यापायी लोक औषधं बंद करतात. नव्या करारातलं प्रेषितांची कृत्ये हे पुस्तक, अध्याय 27 काढा. रोमकडे कैदी नेणारं जहाज, कैद्यांत पौलही, 276 माणसं, चौदा रात्री वादळ. देवदूतानं पौलाला सांगितलं होतं, एकाचाही जीव जाणार नाही. याहून पक्की हमी कुठली? पण मध्यरात्री खलाशांनी नाळेकडून नांगर टाकतोय असं भासवून होडी पाण्यात सोडली आणि पळायच्या बेतात होते, तेव्हा हाच पौल शताधिपतीला म्हणाला, हे जहाजात राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपायांनी होडीचे दोर कापले. उजाडता उजाडता त्यानं सगळ्यांना जेवायला लावलं, मग त्यांनी गहू समुद्रात टाकून जहाज हलकं केलं. शेवटी जहाज फुटलंच. कोणी पोहत, कोणी फळीवर, सगळे किनाऱ्याला लागले. देवाचा शब्द खरा ठरला तो खलाशी, दोर, भाकरी आणि फळ्या यांच्यामधून.

आपल्याकडे वेगळं काय घडलं? मिशनरी डॉ. वान्लेस यांनी 1894 मध्ये मिरजेला मिशन हॉस्पिटल उघडलं ते देवावरचा भरवसा सुटला म्हणून नव्हे. पौलाबरोबर फिरणारा लूकही वैद्यच होता. विमा काढा, गोळ्या वेळेवर घ्या, दुसरीकडेही अर्ज टाका. त्यानं देवाचं सिंहासन डळमळत नाही.

राहिलं ‘प्रश्न विचारू नका’. हे सांगणारे 88वं स्तोत्र वाचतच नाहीत बहुधा, ते ‘का?’ विचारतं आणि अंधारातच संपतं, तरी पवित्र शास्त्रात आहे. प्रेषितांची कृत्येच्या बाराव्या अध्यायात हेरोद राजा येशूचा शिष्य याकोब याला तलवारीनं मारतो आणि दुसरा शिष्य पेत्र याला देवदूत तुरुंगातून काढतो. एकाला का नि दुसऱ्याला का नाही, ते पुस्तक लिहिणारा लूक एक अक्षर लिहीत नाही. केडगावच्या पंडिता रमाबाईंनी दुष्काळात शेकडो मुली-बायांना आसरा दिला. आपलं काम पुढे नेईल अशा एकुलत्या एक मुलीला, मनोरमेला, त्यांनी जुलै 1921 मध्ये पुरलं आणि एप्रिल 1922 मध्ये स्वतः गेल्या. त्यांची अडचण ‘त्याच वर्षी सुटली’ नाही. विश्वास कमी पडला म्हणणार का?

सार्वभौम देव मेसेजमधल्या तारखेला बांधलेला नसतो. तो ‘नाही’ म्हणू शकतो. पौलानं शरीरातल्या काट्यासाठी तीनदा विनंती केली तेव्हा काटा राहिला आणि ‘माझी कृपा तुला पुरे’ एवढं उत्तर मिळालं. म्हणून ग्रुपवर कुणी नोकरी गेल्याचं लिहिलं, तर अकरावं वचन चिकटवण्याआधी त्याला फोन करा, घरभाडं कसं भागतंय विचारा, ओळखीत कुठं जागा असेल तर कळवा. आमेन त्यानंतर लिहा.