समुद्राला फाटक कसलं लावता?

काल दुपारपासून डोकं शांत होत नाहीये. नवऱ्याशी बोलून झालं, मैत्रिणीशी फोनवर तासभर बोलून झालं, तरी राग उतरत नाही. म्हणून लिहायला बसले.

आई-बाबा महिन्यापूर्वी दापोलीहून आमच्याकडे आले आहेत. आम्ही न्यूयॉर्कच्या लाँग आयलंडवर, हिक्सव्हिलला राहतो. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे. सगळं आयुष्य मुरूड-कर्द्याच्या किनाऱ्यावर गेलेलं. आल्यापासून त्यांचं एकच चाललं होतं, "बेटावर राहता ना तुम्ही? मग समुद्र कधी दाखवणार?" काल रविवार, हवा छान होती, म्हणून निघालो. आईने डब्यात थालीपीठं घेतली, बाबांनी जुनी अर्धी पॅंट चढवली, मांडीवर टॉवेल. गाडीने पंचवीस मिनिटं लागली. पार्किंगच्या तोंडाशी टपरीवजा खोकं आणि त्यात विशीतला एक मुलगा. त्याने विचारलं, "रेसिडेंट परमिट?"

आमच्याकडे आमच्या टाऊनचं होतं (टाऊन म्हणजे इथला तालुक्यासारखा विभाग), ते इथे चालणार नव्हतं. बाहेरच्यांना शनिवार-रविवारी प्रवेश नाही, म्हणाला. पैसे घे म्हटलं, तर पैशांचाही प्रश्न नव्हता. मागच्या गाड्यांनी हॉर्न सुरू केले. तिथूनच गाडी वळवली. समोर दोनशे पावलांवर पाणी दिसत होतं. मागच्या सीटवरून बाबांनी विचारलं, "आपल्याला का नाही सोडलं गं?"

काय सांगणार होते मी त्यांना? की आपलं घर ज्या टाऊनमध्ये आहे त्याची हद्द मध्येच कुठेतरी संपते, आणि हद्द ओलांडली की समुद्र आपला राहत नाही?

हे बेट म्हणजे काय आहे ते आधी नीट सांगते, म्हणजे राग कशाचा ते कळेल. लांबी सुमारे १९० किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त ३७. म्हणजे बेटावर कुठेही उभे राहा, खारं पाणी वीस किलोमीटरच्या आत. पश्चिम टोकाला ब्रुकलिन आणि क्वीन्स, ते न्यूयॉर्क शहरात मोडतात. ते धरून बेटावर ऐंशी लाख माणसं राहतात. पण इथली माणसं 'लाँग आयलंड' म्हणतात तेव्हा त्यांच्या डोक्यात फक्त नासाऊ आणि सफक या दोन काउंटी, म्हणजे जिल्हे, असतात, आणि त्यांचीच वस्ती २०२० च्या जनगणनेत २९ लाखांच्या वर होती. अमेरिकेतल्या सधन भागांत हा भाग गणला जातो. आमचा मालमत्ता कर वर्षाला पंधरा हजार डॉलरच्या घरात जातो. भरतो आम्ही. कुरकुर न करता भरतो, कारण शाळा चांगल्या आहेत.

पण एवढ्याशा पट्टीचे तुकडे किती केलेत! नासाऊत तीन टाऊन आणि दोन शहरं, सफकमध्ये दहा टाऊन, आणि त्यांच्या पोटात डझनावारी व्हिलेजेस. प्रत्येकाचा किनारा वेगळा, प्रत्येकाचं स्टिकर वेगळं. पूर्वेकडे हॅम्पटन्सला गेलात तर बाहेरच्या माणसाला मोसमाच्या पार्किंग परमिटला शेकडो डॉलर मोजावे लागतात, तेही शिल्लक असली तर. उत्तर किनाऱ्यावर, ज्याला गोल्ड कोस्ट म्हणतात, तिथे शंभर वर्षांपूर्वी बड्या धनिकांनी वाडे बांधले आणि पाण्यापर्यंतची जमीन कुंपणात घेतली. त्यांतल्या काही जागा आज उद्यानं झाल्या आहेत, त्यांचा मला आनंदच आहे. बाकी ठिकाणी रस्ता पाण्याच्या दिशेने उतरतो आणि शेवटी 'खासगी मालमत्ता' अशी पाटी लागते.

सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? भरतीच्या रेषेखालची ओली वाळू साधारणपणे सगळ्यांची, असं न्यूयॉर्कचा कायदाही धरून चालतो. तुम्हाला वाळूवरून कोणी हाकलत नाही. फक्त वाळूपर्यंत पोचू देत नाहीत. गाडी लावायला परमिट हवं, आसपासच्या गल्ल्यांतही परमिटशिवाय गाडी उभी करायची नाही, बस येत नाही. झालं. कायदा शाबूत राहिला आणि माणूस बाहेर राहिला.

गाडी नसेल तर विचारूच नका. इथली रेल्वे १८३४ सालची आहे, उत्तर अमेरिकेतली सगळ्यात गर्दीची उपनगरी रेल्वे म्हणून ओळखली जाते. पण तिची घडणच अशी की पूर्वेकडच्या माणसाला उचलायचं आणि मॅनहॅटनला नेऊन सोडायचं. मॅनहॅटनमधल्या ग्रँड सेंट्रल स्टेशनच्या पोटात नवं स्टेशन काढायला अकरा अब्ज डॉलर लागले, २०२३ मध्ये ते सुरू झालं. छान झालं, माझा नवरा रोज वापरतो. पण बेटाला उत्तरेकडून दक्षिणेकडे उभं कापणारी एक गाडी नाही. हिक्सव्हिलहून जोन्स बीच हा मोठा किनारा वीस किलोमीटर, सरळ दक्षिणेला. रेल्वेने जायचं तर आधी पश्चिमेला क्वीन्समधल्या जमैका स्टेशनपर्यंत, तिथे गाडी बदलून पुन्हा पूर्वेला फ्रीपोर्टपर्यंत, आणि मग उन्हाळ्यापुरती सुटणारी बस. ठाणे-वाशी लाइन व्हायच्या आधी ठाण्याच्या माणसाला कुर्ल्याला जाऊन हार्बर पकडावी लागायची, तसं. आपल्याकडे ती लाइन झाली तरी. इथे रस्त्याने शहराकडे जायचं तर लाँग आयलंड एक्सप्रेसवे आहे, त्याला लोक स्वतःच जगातला सगळ्यात लांब पार्किंग लॉट म्हणतात.

जोन्स बीचबद्दल मात्र वाईट बोलणार नाही. रॉबर्ट मोझेस १९२४ मध्ये इथल्या उद्यान आयोगाचा प्रमुख झाला, आणि १९२९ मध्ये त्याने हा किनारा लोकांसाठी खुला केला. दहा किलोमीटर वाळू, राज्याची, पार्किंगचे पैसे द्या आणि या, पत्ता कोणी विचारत नाही. पण त्याच माणसाने किनाऱ्याकडे नेणाऱ्या पार्कवेंवर पूल इतके ठेंगणे बांधले की खालून बस जाऊ शकत नाही. हेतू काय होता यावर अभ्यासक अजून भांडतात. मला हेतूशी कर्तव्य नाही. ज्याच्याकडे मोटार नाही त्याला समुद्रावर पोचणं अवघड झालं, आणि आजही अवघडच आहे. २०१८ मध्ये सदर्न स्टेट पार्कवेवर विद्यार्थ्यांनी भरलेली बस अशाच एका पुलावर आदळली, कितीतरी मुलं जखमी झाली. पूल अजून आहेतच.

आमच्या घराशेजारीच लेव्हिटटाऊन आहे. १९४७ पासून बांधलेली सतरा हजारांहून जास्त घरं, महायुद्धातून परतलेल्या सैनिकांसाठी. सुरुवातीच्या करारात कलम होतं की गोऱ्या वंशाखेरीज कोणी इथे राहायचं नाही. ते कलम केव्हाच गेलं. आज हिक्सव्हिलच्या ब्रॉडवेवर कढीपत्ता मिळतो, मिसळीची मटकी मिळते, मिठाईची दुकानं आहेत. पण आत कोण आणि बाहेर कोण हे पत्त्यावरून ठरवायची खोड या मातीत मुरलेली आहे, आणि काल ती माझ्या बापाच्या वाट्याला आली.

लोक म्हणतात, किनारा आम्ही आमच्या करातून राखतो. राखता ना, मग बाहेरच्याकडून रास्त पैसे घ्या आणि आत सोडा, आम्ही कुठे फुकट मागतोय? आणि सगळा पैसा तुमचाच असतो हेही खरं नाही. फायर आयलंडपासून मॉन्टॉक पॉइंटपर्यंत ८३ मैलांचा किनारा सावरायला केंद्र सरकारने दीड अब्जाहून जास्त डॉलरची योजना हाती घेतली आहे. त्यात माझा कर आहे, क्वीन्समधल्या टॅक्सीवाल्याचाही आहे. वाळू टाकताना आम्ही चालतो, वाळूवर बसताना चालत नाही!

आपल्याकडे सगळं आलबेल आहे असं माझं म्हणणं नाही. अलिबाग-किहीमला पाण्याला खेटून बंगले उभे राहिलेत, ते बघूनही माझं रक्त तापतं. पण गिरगाव चौपाटीवर भेळ खाणाऱ्याला आजवर कोणी विचारलंय का, वॉर्ड कुठला? विसर्जनाला लाखो माणसं पाण्यात उतरतात, धारावीतली आणि मलबार हिलवरची शेजारी शेजारी. आणि इथे मी सहा वर्षं चारी बाजूंनी समुद्र असलेल्या बेटावर माझा गणपती मागच्या अंगणात बादलीत बुडवते. दर वर्षी. आईला हे फोनवर कधी सांगितलं नव्हतं, काल परतताना सांगितलं. ती काही बोलली नाही, थालीपीठांचा डबा तसाच मांडीवर होता.

येत्या शनिवारी जोन्स बीचला जाणार आहोत. अकरानंतर पार्किंग भरतं आणि परत पाठवतात, म्हणून सातला निघायचं. बाबांनी टॉवेल दाराशीच ठेवलाय.