दीडशे अक्षरांतले बालपण

सुजाण पालकहो,

आपल्या पाल्याला अमेरिकेतील एखाद्या नामवंत विद्यापीठात धाडण्याचा संकल्प आपण सोडला असेल, तर गुणपत्रिकेवर विसंबण्याचा भाबडेपणाही त्याच हाताने सोडून द्यावा. उत्तम गुण तिथे सगळेच घेऊन येतात. हार्वर्डने २०२३ साली शंभर अर्जदारांपैकी जेमतेम तिघा-चौघांना प्रवेश दिला, आणि दारातून परत गेलेल्यांत हुशार मुलांची काही वानवा नव्हती. तेव्हा सारी मदार अभ्यासेतर उपक्रमांवर; आणि पाल्य आता अकरावीत असल्यामुळे त्याला लहानपणापासून कशाकशाची ओढ होती, हे आपण तातडीने ठरवायला हवे.

प्रथम अर्जाची ओळख करून घ्यावी. १९७५ साली १५ महाविद्यालयांनी मिळून सुरू केलेला ‘कॉमन ॲप’ हा सामाईक अर्ज आज हजाराहून अधिक संस्था स्वीकारतात. त्यात उपक्रमांसाठी दहा जागा आहेत आणि प्रत्येक जागी पदासाठी ५०, संस्थेच्या नावासाठी १०० व वर्णनासाठी १५० अक्षरे, तीही मोकळ्या जागा धरून, अशी ऐसपैस व्यवस्था आहे. मुलाने आधी काही करावे आणि मग ते इथे लिहावे, हा क्रम आता जुना झाला. शहाणा पालक आधी दीडशे अक्षरे लिहून घेतो आणि मग मुलाला त्या मापाचे आयुष्य जगायला लावतो.

या दीडशे अक्षरांत क्रियापदाला फार जपावे. ‘मदत केली’, ‘भाग घेतला’, ‘शिकलो’ ही पराभूत माणसांची क्रियापदे होत. मुलाने शाळेतल्या रक्तदान शिबिरासाठी सभागृहात खुर्च्या मांडल्या असतील, तर ‘जीवरक्षक मोहिमेच्या स्थलव्यवस्थापनाचे नेतृत्व केले, दात्यांच्या अनुभवात आमूलाग्र सुधारणा घडवली’ असे लिहावे. खुर्च्या खरोखरच मांडल्या होत्या, त्यामुळे खोटे बोलल्याचे पाप लागत नाही. शेवटी एखादा आकडा अवश्य जोडावा. मात्र किती खुर्च्या मांडल्या यापेक्षा किती जणांच्या जीवनाला स्पर्श झाला ते लिहावे, कारण खुर्च्या कोणीही मोजून पाहू शकतो.

प्रत्येक उपक्रमापुढे आठवड्याचे तास आणि वर्षातले आठवडेही विचारलेले असतात, आणि इथे अतिउत्साही पालक हमखास फसतात. दहा उपक्रमांना प्रत्येकी १५ तास दिले की १५० झाले, शाळेचे ३५ धरले की १८५, आणि आठवडा मात्र, कितीही पैसे मोजले तरी, १६८ तासांचाच असतो. म्हणजे जेवण, झोप आणि आंघोळ यांना पूर्ण फाटा देऊनही पाल्याच्या डोक्यावर दर आठवड्याला १७ तासांचे कर्ज चढते. असा मुलगा विद्यापीठांना आवडेलही, पण तो कागदावर तरी जिवंत दिसला पाहिजे. म्हणून ४, ७, ११ असे तास विखरून लिहावेत. पाचाच्या पाढ्यातला आकडा बनावट वाटतो आणि सुटा आकडा प्रामाणिक.

सदस्यत्व हे दुबळेपणाचे लक्षण समजावे. वर्षानुवर्षे चालत आलेल्या संस्थेत दर शनिवारी निमूटपणे धान्याच्या पिशव्या भरणारा मुलगा अर्जात नुसता ‘स्वयंसेवक’ ठरतो. तेच काम करणारी, किंवा न करणारी, स्वतःची संस्था काढली की तो ‘संस्थापक-अध्यक्ष’ होतो. ध्येय व्यापक असावे: भूक, साक्षरता, मानसिक आरोग्य किंवा समुद्रातले प्लास्टिक. चारही एकदम घेतली तरी हरकत नाही, संकेतस्थळावर जागा पुष्कळ असते. बोधचिन्हात दोन हात आणि एक रोपटे असावे. खजिनदार आतेभाऊ, सचिव मावसबहीण. वर्गातला प्रत्येक जण संस्थापक झाल्यामुळे सभासद मिळत नाहीत ही अडचण खरी, पण तीवर सहकाराचा तोडगा निघालेला आहे: तू माझ्या संस्थेचा उपाध्यक्ष हो, मी तुझ्या संस्थेचा होतो. मुहूर्त मात्र नीट साधावा. नववीत स्थापना केली तर संस्था चार वर्षे चालवावी लागते. बारावीच्या सप्टेंबरात केली तर लवकरच्या फेरीच्या अर्जाची १ नोव्हेंबरची मुदत वाचणाऱ्याच्या डोळ्यांत भरते. दहावीनंतरची उन्हाळी सुट्टी सर्वांत शुभ. त्या सुट्टीत उपजलेली करुणा अर्जाच्या वेळेपर्यंत चांगली बाळसे धरते.

दहा उपक्रम हवेत की एकच पण खोल, याबद्दल सल्लागारांत मतभेद आहेत, आणि दोन्ही मतांचे शुल्क वेगवेगळे आकारले जाते. २०१६ साली हार्वर्डच्याच शिक्षणशास्त्र विभागाने एका अहवालात, उपक्रमांच्या संख्येपेक्षा त्यांतील आस्थेला महत्त्व द्यावे आणि मुलांवरचा ताण कमी करावा, असे सुचवले होते. सल्लागारांनी तो अहवाल विद्यापीठांपेक्षा बारकाईने वाचला असावा, कारण आता आस्थेचीही शिकवणी लावता येते.

पाल्याचे आडनाव आशियाई असेल, तर आणखी एक पथ्य पाळावे. प्रवेशातील भेदभावाबद्दल हार्वर्डवर भरलेल्या ज्या खटल्याचा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात जून २०२३मध्ये लागला, त्यात असे उघड झाले की अर्जदारांना अभ्यास, उपक्रम, खेळ आणि व्यक्तिमत्त्व अशा वेगवेगळ्या श्रेणी दिल्या जातात, आणि अभ्यासात पुढे असलेले आशियाई-अमेरिकी अर्जदार व्यक्तिमत्त्वाच्या श्रेणीत सरासरीने मागे पडतात. भेदभावाचा आरोप विद्यापीठाने अर्थातच नाकारला. व्यक्तिमत्त्व तोलण्याचा हा तराजू तसा जुना आहे: १९२०च्या दशकात ज्यू विद्यार्थ्यांची वाढती संख्या तिथले अध्यक्ष लॉवेल यांना खुपू लागली आणि त्यानंतर प्रवेशात चारित्र्य व व्यक्तिमत्त्व यांचे वजन वाढले. तेव्हा व्हायोलिन, बुद्धिबळ आणि गणित ऑलिंपियाड ही तिन्ही पाल्याला येत असल्यास निदान दोन झाकून ठेवावीत आणि त्याला मुळीच जमत नाही असे काहीतरी शिकवावे. व्यक्तिमत्त्व त्यानेच खुलते.

खेळाचा मार्गही आहे, पण तो सांभाळून वापरावा. मार्च २०१९मध्ये उघडकीस आलेल्या प्रवेश घोटाळ्यात एका पित्याने वॉटर पोलोची चेंडू-टोपी ऑनलाइन मागवून, मुलाला घरच्या तलावात उभे करून छायाचित्र काढले आणि ते डिझायनरकडून दुरुस्त करून घेतले. या व्यवहारांचा सूत्रधार रिक सिंगर आपल्या मार्गाला ‘बाजूचा दरवाजा’ म्हणत असे. त्याला जानेवारी २०२३मध्ये साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. भल्यामोठ्या देणगीला तो ‘मागचा दरवाजा’ म्हणे, आणि त्या दरवाजाने जाणाऱ्याला कोणी अटक करत नाही. ऐपत असेल तर हा लेख इथेच मिटवून तिकडे वळावे.

ज्यांची तेवढी ऐपत नाही त्यांना एका सापळ्याची सूचना देणे माझे कर्तव्य आहे. अर्जातील उपक्रमांच्या प्रकारांत ‘कौटुंबिक जबाबदाऱ्या’ आणि ‘पगारी काम’ असेही दोन प्रकार दिलेले आहेत. रोज संध्याकाळी आजीला इन्सुलिन टोचणारी, धाकट्या भावाचा अभ्यास घेणारी आणि शनिवार-रविवार दुकानाच्या गल्ल्यावर उभी राहणारी मुलगी हे दोन्ही रकाने सहज भरू शकली असती; पण हे सारे लिहायचे असते हेच तिच्या ध्यानात येत नाही, कारण तिला तो उपक्रम वाटत नाही आणि तसे सांगणारा सल्लागार तिच्या घरच्यांना परवडत नाही. आपल्या पाल्याच्या हातून असे काही घडत असल्यास ते ताबडतोब थांबवावे. आजीसाठी नर्स ठेवावी आणि मोकळ्या झालेल्या वेळात पाल्याला वृद्धांच्या एकाकीपणावर एक संस्था काढून द्यावी.

प्रवेशाचे पत्र हाती पडले की आपले घोडे गंगेत न्हाले. तरीही संस्था घाईने बंद करू नये, कारण धाकटी आता नववीत जाईल. अध्यक्षपद तिच्याकडे सोपवावे, म्हणजे ‘नेतृत्वबदलाच्या खडतर काळात संस्था सावरली’ हे वाक्य तिच्या अर्जासाठी आजच तयार होते. संकेतस्थळाच्या डोमेनचे पैसेही पुढच्या चार वर्षांसाठी एकदमच भरून टाकावेत.