फवारायचंच असेल तर फाटकावर पाटी लावा
सार्वजनिक बागांमध्ये तण मारायला ग्लायफोसेट फवारतात, हे एका लेखात वाचलं आणि आमच्या कॉलनीतली बाग डोळ्यांसमोर आली.

माझं माहेर दिंडोरीचं, द्राक्षबागेतलं. फवारणी झाली की वडील आम्हा पोरांना दिवसभर बागेत पाऊल टाकू देत नसत. औषध किती विषारी ते दाखवणारा डब्यावरचा त्रिकोण लाल, पिवळा, निळा की हिरवा, हे आम्हाला अक्षरओळखीआधी कळायचं. आणि इथे नाशिक शहरात, मागच्या महिन्यात, पाठीवर पंप घेतलेला माणूस घसरगुंडीच्या पायाशी फवारत होता. ना मास्क, ना हातमोजे. विचारलं तर म्हणाला, "औषध आहे ताई." कसलं, ते त्यालाही माहीत नव्हतं. त्या बिचाऱ्याची काळजी कोण घेणार? संध्याकाळी मुलं तिथेच अनवाणी खेळत होती. चार-पाच दिवसांत गवत पिवळं पडलं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला 'बहुधा कर्करोगकारक' ठरवलं. यावर तज्ज्ञांचं एकमत नाही, मान्य. पण केंद्र सरकारनेही २०२२ मध्ये ते फक्त कीडनियंत्रणाचं काम करणाऱ्या व्यावसायिकांनीच वापरावं असा आदेश काढला, तो काही उगाच नाही.

एवढ्याशा बागेतलं गवत विळ्याने अर्ध्या दिवसात निघतं. तरीही फवारायचंच असेल तर आदल्या दिवशी औषधाचं नाव फाटकावर लिहा आणि फाटकाला कुलूप लावा.