तक्रार निकाली, पाणी गटारीत

आत्ताच मोबाईलवर नगरपालिकेचा मेसेज आलाय, तुमची तक्रार निकाली काढण्यात आली आहे. कुठं काढली ओ? मी दारात उभा आहे. समोर पाईप फुटलाय, पाणी गल्लीतनं सरळ गटारीत चाललंय आणि आमच्या नळातनं नुसती हवा फुसफुसतेय.

सकाळी एक पोरगा मोटरसायकलवरून आला. खड्ड्यात पाटीभर मुरूम ओतला, बुटानं दाबला, दोन पावलं मागं सरकला आणि फोटो काढला. फोटोवर तारीख, वेळ, अक्षांश, रेखांश, सगळं. म्हटलं, "आणि पाईप?" तर म्हणाला, "ते काम दुसऱ्याकडं काका, मला खड्डा बुजवायला सांगितलंय." त्यानं किक मारेपर्यंत मुरमातनं बुडबुडे वर यायला लागले होते. पण फोटो कोरडा आला ना! तो ऑफिसात चढला, तक्रारीपुढं बरोबरची खूण पडली, झालं काम.

वर फोन. आमचं गाव कर्नाटकात, म्हणून कानडीत रेकॉर्ड केलेली बाई. समाधानी असाल तर एक दाबा, नसाल तर दोन. मी दोन दाबला. धन्यवाद म्हणून फोन बंद! दोन का दाबला ते सांगायला बटणच नाही. तीन नंबरावर शिव्या घालायची तरी सोय ठेवा की.

केंद्रानं 2008 साली नगरपालिकांना मापं घालून दिलीत. माणशी रोज 135 लिटर पाणी, चोवीस तास पुरवठा, घरोघर मीटर, गळती आणि बिल न होणारं पाणी मिळून वीस टक्क्यांच्या आत आणि शंभरातल्या 80 तक्रारी चोवीस तासांत मिटवायच्या. आता यातलं स्वस्त काय? पाईप बदलायला पैसे लागतात, खूण मारायला बोट पुरतं. गळती मोजायची तर टाकीतनं किती सोडलं आणि घरात किती पोचलं, याचा मेळ घालावा लागतो. आमच्याकडं घरात मीटरच नाही, बिल दर महिन्याला ठरलेलं. मग टक्केवारी कुठनं येते? अंदाजपंचे दाहोदरसे.

आणि जमत नाही असं पण नाही. बेळगावातल्या काही वॉर्डांत तेव्हाच पाईप बदलून, मीटर बसवून चोवीस तास पाणी सुरू केलं. आमचे एक पाव्हणे तिथंच राहतात. भेटले की सांगणार, रात्री दोनला नळ सोडला तरी धार! त्यांचा पण राग आहे मला.

सरकारी कामं ठरल्या मुदतीत करून द्यायचा कर्नाटकचा सकाला कायदा आहे, त्याचं तर विचारूच नका. मुदतीत काम झालं नाही तर दिवसाला वीस रुपये भरपाई, जास्तीत जास्त पाचशे. छान. पण घराचा उतारा मागायला गेलो तर अर्ज घेतला आणि पावती काही देईनात. "ठेवून जा, बघतो." पावती नाही म्हणजे नंबर नाही, नंबर नाही म्हणजे मुदत सुरूच होत नाही, आणि यांचा कुठलाच अर्ज कधी लांबत नाही! आम्ही घरपट्टी लांबवली तर मात्र महिन्याला दोन टक्के दंड, तो बिनचूक मोजतात. वर सगळे कागद कानडीत. गावात पंधरा टक्के लोक दुसरी भाषा बोलणारे असले तर कागद त्या भाषेत पण द्यायचे, हा नियम सांगितला की साहेब पंख्याकडं बघतात.

स्वच्छ सर्वेक्षण जवळ आलं की कंपाऊंडच्या भिंतीवर चित्रं. त्या भिंतीच्या बुडाशी कचरा तसाच. झाडावर चढलेला मोर रंगवलाय, खाली डुक्कर खरं.

तर मी तावातावानं हे सगळं त्या बंद झालेल्या फोनवर बोलत होतो म्हणे. बायको आतनं ओरडली, "ती रेकॉर्ड आहे ओ, ऐकतेय काय?" समोरच्या गॅलरीतल्या वहिनी हसत आत गेल्या. बीपीची गोळी घ्यायची तर घरात पाणी नाही. चहाच्या गाळाबरोबर गिळली.

परत तक्रार टाकायला गेलो तर घेईना, ही आधीच निकाली आहे म्हणे. शेवटी 'मुरूम वाहून गेला' म्हणून टाकली. ती लगेच घेतली.