रिस्टार्ट मारून पाहा ना भाऊ!

रात्री २ वाजेला कॉम्प्युटरवर आपोआप सुरू होणारा जॉब, म्हणजे हिशेबाचा प्रोग्राम. दिवसभराच्या काटापावत्या घ्यायच्या, भाव लावायचा, हमाली-तोलाई वजा करायची आणि कोणत्या केळीवाल्याला किती द्यायचे याची यादी काढून ठेवायची. १५ मिनिटांत उरकायचं. गेल्या आठवड्यापासून साडेचार तास! सकाळ झाली की रावेरहून फोन सुरू: "यादी कुठंय? पैसे कधी?" शिव्या कोण खातो? मी.

कारणं तरी एकेकाची ऐका! आप्पा म्हणे, पारा ४५ वर गेलाय, मशीन तापून राहिलं. (रात्री २ वाजेला कुठलं ऊन हो?) नेटवर्कवाला म्हणे, केबल बदला. अरे, डेटाबेस अन् जॉब एकाच मशीनवर आहेत! आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. बाकी सगळ्यांचं एकच, रिस्टार्ट. तीन रात्री मारला. तिन्ही रात्री साडेचार तास. लॉग (प्रोग्रामने स्वतः लिहिलेली नोंदवही) बघावा हे कुणाच्या बापाला सुचलं नाही. बघून तरी काय? आत दोनच ओळी: 'सुरू' आणि 'संपलं'.

चौथ्या रात्री मीच जागलो, कूलरपुढे, डोक्यावर ओला टॉवेल. मशीनचं तापमान ठीक. प्रोसेसर निवांत आणि डिस्क १०० टक्के! म्हणजे हिशेबाला वेळ लागतच नव्हता, सगळा वेळ डेटा वाचण्यात. क्वेरीला (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नाला) एक्स्प्लेन लावला, म्हणजे डेटा कसा शोधतोस ते डेटाबेसलाच विचारलं, तर पूर्ण टेबल स्कॅन: पावत्यांचा अख्खा तक्ता वाचतोय. तारखेवर इंडेक्स (पुस्तकामागच्या सूचीसारखा, हवी ती नोंद झटकन सापडायला) आहे, मीच बनवलेला, पण त्याला कुणी हातच लावत नाही. का? तर कुण्या शहाण्याने फेब्रुवारीत क्वेरीत तारखेचा कॉलम फंक्शनमध्ये गुंडाळला, तारखेला जोडलेली घड्याळाची वेळ छाटायला. इंडेक्स मूळ कॉलमवर. छाटलेल्या तारखेला तो कसा लागेल? मग एका दिवसाच्या पावत्यांसाठी जुन्या सगळ्या चाळायच्या, तेही प्रत्येक शेतकऱ्यामागे एकदा! टेबल मेमरीत मावत होतं तोवर खपून गेलं. पावत्या वाढल्या, टेबल मेमरीत मावेना, आणि डिस्क बोंबलली.

फंक्शन काढलं, 'या तारखेपासून पुढे, पुढच्या तारखेच्या आत' अशी साधी अट घातली. ११ मिनिटं.

शहाण्याला विचारलं, सांगितलं का नाहीस? "एकच ओळ तर बदलली होती, भाऊ."

आणि आप्पांनी एसीची ऑर्डर देऊन टाकलीय. दीड टनाचा.