टपोरे डोळे आणि मायनस नंबर : खुलासा

इंदुरात रामबाग, लोकमान्य नगरकडच्या मराठी ग्रुपांवर एक मेसेज फिरतो आहे: टपोऱ्या डोळ्यांच्या मुलांना मायनस नंबर लागतोच, आणि रोज पापण्यांवर बोटांनी दाब दिला की चष्मा सुटतो. हे बरोबर नाही.

डोळे टपोरे दिसतात ते बहुतेकदा पापण्यांच्या आणि डोळ्यांच्या खोबणीच्या ठेवणीमुळे. नंबर मुख्यतः ठरतो बुबुळापासून मागच्या पडद्यापर्यंतच्या लांबीवर. जन्मतः साधारण १७ मिलिमीटरचा डोळा मोठेपणी २४ च्या आसपास पोचतो. त्याहून बराच लांबला, की प्रतिमा पडद्याच्या अलीकडेच पडते आणि दूरचं पुसट दिसतं. जेमतेम १ मिलिमीटर जास्त लांबी म्हणजे सुमारे अडीच-तीन नंबर! ही लांबी दाबून कमी होत नाही. लेसरनेही होत नाही, तो फक्त कॉर्नियाचा, म्हणजे डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक भागाचा, आकार बदलतो. उलट सतत दाबल्या-चोळल्याने कॉर्नियाला इजा होऊ शकते, म्हणून हा मेसेज मला घातक वाटतो.

मुलांना रोज दोनेक तास उजेडात, उघड्यावर खेळू द्या; त्याने नंबर लागण्याची शक्यता खरोखर कमी होते.

आजी-आजोबांनो, नातवंडांच्या काळजीनेच तुम्ही तो पाठवता, ठाऊक आहे. पण कृपया आता पुढे पाठवू नका, आणि आधी पाठवला असेल तिथे हा खुलासा टाका.